पंगतीआधीचे पाणी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवाच्या दारी कीर्तन-प्रवचनाचे विषय शोभतात. तेथे स्वच्छतागृहाचा विषय काढणे एखाद्याला औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. गाडगेबाबांना मात्र तसे कधी वाटले नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले हे डेबूजी झिंगराजी जानोरकर एखाद्या गावी पोचले की आधी खराटा हाती घेत, दिवसभर गल्ल्या झाडीत, गटारी उपशीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. धर्मशाळा म्हटली की नुसत्या चार भिंती आणि छप्पर नव्हे. यात्रेकरू तेथे उतरणार, जेवणार, झोपणार, सकाळी शौचाला जाणार. त्याला पाणी कोठे मिळेल, खरकटे कोठे पडेल, याची चिंता बाबांनी कीर्तनाइतकीच केली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या गावात हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

जीर्णोद्धारात यंदा गाभारा, सभामंडप, शिखर यांच्याबरोबरच देवळाच्या मागच्या अंगाला स्त्रियांची व पुरुषांची स्वतंत्र स्वच्छतागृहे झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. आता प्रश्न उरतो तो तेथून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातांचा. हे हात पुढे कोठे जातात? घंटेच्या दोरीला, तीर्थाच्या पळीला, प्रसादाच्या परातीला, कडेवरच्या लेकराच्या तोंडाला आणि शेवटी पंगतीतल्या पत्रावळीवर.

जुनी रीत आठवून पाहावी. माणूस टमरेल घेऊन नाल्याकडे किंवा गिरणेच्या काठाकडे जाई. परत आला की अंगणातल्या रांजणापाशी थांबे. चुलीतली राख हाताला चोळी, तीन-चार वेळा हात खळबळून धुई, पायांवर पाणी घेई आणि मगच ओसरी चढे. दारातून आजीचा आवाज येई, "हात धोई ल्या, मंग घरात या." राखेत क्षार असतो, तो हातावरचा तेलकटपणा सोडवतो आणि चोळण्यामुळे मळ सुटतो. तेव्हा ती रीत अगदीच अडाणी होती असे म्हणता येत नाही. राख नसली की लोक माती घेत. ती मात्र धोक्याची, कारण उकिरड्याजवळच्या मातीत जंतांची अंडी असू शकतात.

पुढे काळ पालटला. २०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावे एकमेकांशी चुरस करू लागली. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले. घरोघर शौचालये झाली. टमरेल गेले ते बरेच झाले. पण त्याबरोबर अंगणातला रांजण आणि त्याच्याजवळची राखही गेली. तिच्या जागी साबण यायला हवा होता. तो घराच्या मोरीत आला. बाजारात, शाळेत, स्टँडवर, देवळात मात्र पोचला नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहात नळ असतो, कधी त्याला पाणीही असते, पण साबणाची वडी क्वचितच दिसते. माणूस दोन बोटांवर पाणी घेतो, ती झटकतो, धोतराला किंवा पँटला पुसतो आणि हात धुतल्याच्या समाधानात बाहेर पडतो.

हे केवळ अनुमान नव्हे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८ साली देशभरातील घरांना हाच प्रश्न विचारला होता. शौचानंतर साबणाने हात धुतो असे सांगणारी कुटुंबे शंभरात चौऱ्याहत्तरच्या आसपास भरली. जेवणापूर्वी साबणाने हात धुणारी कुटुंबे मात्र शंभरात छत्तीसच्या आतच होती. बाकीच्यांपैकी बहुतेकांचे काम नुसत्या पाण्यावर भागत होते. ही उत्तरे लोकांनी स्वतः दिलेली आहेत, आणि स्वतःविषयी सांगताना माणूस थोडे चढवूनच सांगतो.

आपल्या पंगतीची रीत पाहा. जेवण झाल्यावर माणूस हात खसखसून धुतो, कारण तुपाचा ओशटपणा बोटांना लागलेला असतो आणि तो गेल्याशिवाय चैन पडत नाही. जेवणापूर्वी मात्र तो हात फक्त ओला करतो. म्हणजे डोळ्यांना दिसते आणि बोटांना जाणवते ते आपण धुतो. जे दिसत नाही ते तसेच पानावर घेऊन बसतो. आणि खानदेशातली पंगत तर सगळी हाताची. बट्टी हातानेच फोडायची, कुस्करायची, वरण ओतून पाची बोटांनी कालवायची, वांग्याच्या भाजीशी घास करायचा. चमच्याने वरण-बट्टी खाणारा माणूस अजून या तालुक्यात हास्यास्पदच ठरेल, आणि ठरावा. पण ज्या प्रांतात हात हाच चमचा, तेथे तो चमचा घासलेला असावा ही अपेक्षा काही जगावेगळी नाही.

शेतातून थेट पंगतीला येणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कजगावकडचा केळीचा चीक हाताला लागला तर तो काळा डाग तरी दाखवतो. कपाशीवर मारलेले औषध डागही दाखवीत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष मुख्यतः श्वासातून आणि कातडीतून अंगात गेले होते, हे खरे. तरी पंप पाठीवरून उतरवून त्याच हाताने भाकर मोडणारा माणूस वेगळे काय करतो?

आता हात धुतल्याने नेमके काय घडते, ते पाहू. जुलाब, पटकी, विषमज्वर, कावीळ यांपैकी बहुतेक रोगांचे मूळ विष्ठेत असते, आणि ते तोंडापर्यंत पोचण्याच्या वाटा मोजक्या आहेत: पाणी, माशी, अन्न, माती आणि बोटे. पाण्याची वाट जंतुनाशक भुकटीने अडवता येते, माशीची वाट झाकणाने. बोटांची वाट अडवणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. हाताच्या कातडीवर नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि जंतू त्याला चिकटून राहतात. नुसते पाणी त्यावरून निसटून जाते. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे चोळल्यावर मळ, तेल आणि जंतू एकदमच सुटतात व पाण्याबरोबर वाहून जातात. करोनाच्या विषाणूभोवती तर स्निग्ध पदार्थाचेच वेष्टण असते. साबण ते फोडूनच टाकतो. यासाठी वीस सेकंद पुरतात. अंगठा, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या या तीन जागा बहुतेकांच्या हातून सुटतात. पाणी गरमच हवे असे नाही. महागडा जंतुनाशक साबणही लागत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली तशा साबणांतील एकोणीस रसायनांवर बंदी घातली, कारण साध्या साबणापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते.

साध्या साबणाची ताकद किती, याचा दाखला शेजारच्या देशातला आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांत काही घरांना नियमाने साबण देऊन आणि हात धुण्याची सवय लावून एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साबण न मिळालेल्या शेजारच्या वस्त्यांच्या तुलनेने या घरांतील लहान मुलांचे जुलाबाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. न्यूमोनियाही निम्म्याने घटला. पोटाच्या आजाराचे समजण्यासारखे आहे. छातीचा आजारही हाताने पसरतो, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. त्या पाहणीतही साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही.

हात धुण्याची गोष्ट इतकी साधी, तरी ती पटवून देताना एका माणसाचे आयुष्य गेले, आणि ज्यांना पटवायचे होते ते अडाणी नव्हते. ते डॉक्टर होते. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात सुइणी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी जास्त होते. हे गावभर ठाऊक असल्याने स्त्रिया पाया पडून विनवीत की त्या कक्षात नेऊ नका. कित्येक जणी रस्त्यातच बाळंत होणे पत्करीत. तेथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर होता. १८४७ साली त्याचा एक डॉक्टर मित्र शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन मरण पावला, आणि मरताना त्याची लक्षणे बाळंतज्वरासारखीच होती. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी शवागारातून उठत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपाशीत. सुइणी शवागारात जातच नसत. त्याने कक्षाच्या दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचे पात्र ठेवले आणि त्यात हात धुतल्याशिवाय कोणी आत यायचे नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनच्या आसपास आले.

एवढे डोळ्यांसमोर घडूनही अनेक मान्यवरांनी ते मानले नाही. सद्गृहस्थाचे हात अस्वच्छ असू शकतात, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली. जंतूंचे शास्त्र तेव्हा जन्मलेले नव्हते, त्यामुळे सेमेलवाइसला कारणही नीट सांगता येईना. त्याची नोकरी गेली, मन बिघडले आणि ऑगस्ट १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात जखम चिघळून तो वारला. त्याच महिन्यात ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरून जंतुविरहित शस्त्रक्रियेचा पाया घातला. नशिबाचा खेळ म्हणतात तो असा.

दुसरी गोष्ट आचाऱ्याची आहे, म्हणून भंडाऱ्याच्या निमित्ताने ती अधिक जवळची. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. हाताला चव चांगली, प्रकृती धडधाकट. पण ती ज्या ज्या घरी कामाला लागे, तेथे काही दिवसांत विषमज्वर निघे. १९०७ साली जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्याने माग काढला, तेव्हा असे आढळले की तिला स्वतःला काहीच होत नसले तरी तिच्या पोटात विषमज्वराचे जंतू घर करून आहेत. रांधलेल्या अन्नातले जंतू आचेने मरत. पण ती ताजी पीचची फळे कापून आइस्क्रीममध्ये घाली, त्यातून ते जात. तिला एका बेटावर ठेवण्यात आले. १९१० मध्ये, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडले. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली. तेथे पंचवीस जणांना लागण होऊन दोघे दगावले होते. मग मरेपर्यंत, म्हणजे १९३८ पर्यंत, ती त्या बेटावरच राहिली. तिला दुष्ट ठरवणे सोपे आहे. आपण निरोगी असताना आपल्या हातून कोणी आजारी पडते, यावर तिचा विश्वासच बसला नाही, हे त्यातले खरे दुःख. भंडाऱ्यात कोशिंबीर कालवणाऱ्या, केळी सोलणाऱ्या, प्रसादाचा शिरा मुठीने वाढणाऱ्या कोणाचाही विश्वास असाच बसणार नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे लोकांना सांगा, म्हणजे ते हात धुतील. अनुभव तसा नाही. २०१० साली अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संस्थेने दूरध्वनीवरून लोकांना विचारले, तेव्हा शंभरातले शहाण्णव म्हणाले की सार्वजनिक स्वच्छतागृहातून आम्ही हात धुऊनच बाहेर पडतो. मग चार मोठ्या शहरांतील स्वच्छतागृहांत माणसे उभी करून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा पंच्याऐंशीच धुताना दिसले. पुरुष सत्त्याहत्तर, स्त्रिया त्र्याण्णव. २०१३ साली मिशिगन येथील विद्यापीठाने तीन हजार सातशेहून अधिक लोक पाहिले. पंधरा सेकंद वा अधिक वेळ हात धुणारे त्यांत शंभरात पाच निघाले. ही अमेरिकेची कथा, जेथे साबण आणि पाणी यांची वाण नाही. तेव्हा हात न धुणे हा केवळ गरिबीचा किंवा खेड्याचा दोष समजून कोणी संकोचण्याचे कारण नाही.

याहून उद्बोधक प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. हमरस्त्यावरच्या एका विश्रांतिस्थानाच्या स्वच्छतागृहात लंडनच्या आरोग्य-संशोधकांनी साबणाच्या पात्रांना मोजणी यंत्रे बसवली. दारावर दिव्यांच्या अक्षरांत वेगवेगळे संदेश आळीपाळीने झळकवले आणि कोणत्या संदेशाने किती साबण खर्च होतो ते मोजले. सुमारे दोन लाख वेळा लोक आत-बाहेर झाले. काहीही न लिहिता पुरुषांपैकी शंभरात बत्तीस आणि स्त्रियांपैकी चौसष्ट साबण वापरीत होते. रोगाची माहिती देणाऱ्या वाक्यांचा स्त्रियांवर थोडा परिणाम झाला, पुरुषांवर नाही. पुरुषांना किळस आणणारी वाक्ये अधिक लागू पडली. दोघांवरही सर्वांत चांगला परिणाम झाला तो एका साध्या प्रश्नाचा. शेजारचा माणूस साबणाने हात धुतो आहे का, एवढेच त्यात विचारले होते. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गावकऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. चार माणसे काय म्हणतील, या एका वाक्यावर आपल्याकडची लग्ने, बारशी आणि तेरवी पार पडतात. मग तोच धाक एकदा नळापाशी उपयोगी पडू द्यावा.

यातून समितीने घेण्यासारखा बोध व्यावहारिक आहे. हात धुण्याची जागा स्वच्छतागृहाच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात नसावी. ती बाहेर, उघड्यावर, सभामंडपातून दिसेल अशी असावी. आत कोणी पाहत नाही. बाहेर चार डोळे असतात. शिवाय जो स्वच्छतागृहात गेलाच नाही, पण शेतातून वा एस.टी.तून थेट पंगतीला आला, त्यालाही तेथेच हात धुता येतील.

साबण चोरीला जातो, असा आक्षेप येईलच. जातो, हे खरे. त्यावर जुना उपाय आहे: वडी जाळीच्या पिशवीत किंवा जुन्या मोज्यात घालून नळाला बांधावी. जाळीतूनच फेस येतो आणि वडी पाण्यात लोळून झिजत नाही. सगळ्यांनी वापरलेल्या वडीवरून रोग लागतो अशी एक शंका असते. १९८८ साली ती तपासली गेली; वडीवर मुद्दाम जंतू सोडून लोकांना हात धुवायला लावले, तरी ते जंतू धुतलेल्या हातांवर आढळले नाहीत. सर्वांचा एकच टॉवेल मात्र टांगू नये. हात हवेत वाळवावेत किंवा ज्याने त्याने आपल्या उपरण्याला, पदराला पुसावेत.

पाण्याचा आक्षेप याहून गंभीर आहे, कारण हा गिरणेचा मुलूख आहे. १९६९ साली गिरणा धरण झाले, जामद्याच्या बंधाऱ्याचे कालवे आहेत, तरी वैशाखात आवर्तन कधी सुटते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. अशा वेळी हातांसाठी नळ सोडून ठेवणे कोणाला परवडेल? यावर झिम्बाब्वेमध्ये निघालेली एक युक्ती आहे, ती आपल्या शाळांतील मुले सहज करू शकतील. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, तोंडाजवळ बाजूला एक भोक पाडायचे, डबा दोन खांबांमधल्या आडव्या काठीला टांगायचा आणि त्याला बांधलेली दोरी खाली पायाने दाबायच्या काठीला जोडायची. काठी दाबली की डबा कलतो, बारीक धार पडते. पाय उचलला की डबा सरळ होतो आणि धार थांबते. साबण लावताना पाणी आपोआप बंद राहते, त्यामुळे तांब्याभर पाण्यात अनेकांचे हात होतात. आणखी फायदा असा की तोटीला हात लावावा लागत नाही. मळक्या हाताने तोटी उघडायची, हात धुवायचे आणि मग त्याच मळक्या तोटीला धरून ती बंद करायची, या प्रकाराचा फोलपणा कोणाच्याही ध्यानात येईल.

२०२० च्या मार्चमध्ये देवळांची दारे बंद झाली, ती त्या वर्षी दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. पुन्हा २०२१ मध्ये बंद होऊन ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. आषाढीची पायी वारी दोन वर्षे झाली नाही. त्या काळात प्रत्येक दारात बाटली आली आणि लहान मुलेही तळहात चोळू लागली. आज त्या बाटल्या कोठे दिसत नाहीत. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबर गेली. बाटलीतले ते औषध दिसायला मळक्या, चिकट हातांवर फारसे चालत नाही. जुलाबाच्या काही विषाणूंवरही ते लंगडे पडते. म्हणून ज्या गावात पाणी आणि साबण आहे तेथे त्यांचीच कास धरावी.

पंढरीच्या वाटेवर पूर्वी पटकीने माणसे पडत. इंग्रजी अमदानीत व पुढेही काही काळ यात्रेकरूंना पटकीची लस टोचून घेणे भाग असे. २०१५ पासून पालखीच्या मार्गावर फिरती शौचालये ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. यात्रेची व्यवस्था हा भक्तीच्या बाहेरचा भाग आहे, असे वारकरी आता मानीत नाहीत.

सोवळ्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. सोवळे नेसलेला माणूस स्वच्छ असतोच असे नाही. ओलसर राहिलेले सोवळे आणि साबण न लागलेले हात एकाच देहावर सुखाने नांदतात. जन्माने कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध, या भ्रमाने या देशात फार अनर्थ केला. अंमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषणाला बसले होते. जंतूला जात नसते, आणि या नळालाही नसावी. स्वच्छतागृह झाडणाऱ्या माणसाने हात धुवायला कोठे जावे, असा प्रश्न कधी निघालाच, तर उत्तर एकच: येथेच, सगळ्यांच्या आधी. त्याला हातमोजे, खराटा आणि वेळेवर पगार मिळतो की नाही, हेही समितीच्या हिशेबवहीत दिसले पाहिजे.

भगिनींच्या बाजूला नळ आतही हवा आणि झाकणाची कचरापेटी हवी. कारण सर्वांना माहीत आहे. बोलत कोणी नाही.

राहिला भंडारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले. खाटा अपुऱ्या पडल्याने झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. प्रसादात भगर आणि आमटी होती. अशा घटनांत दोष दर वेळी हातांचा असतो असे नव्हे. भगरीला बुरशी लागलेली असते, अन्न तासन् तास उन्हात राहिलेले असते. परंतु हाताला गळू किंवा चिघळलेली जखम असलेल्या माणसाने कणीक मळली किंवा शिजलेले अन्न हाताळले, तर त्या जखमेतील जंतू अन्नात एक विष तयार करतात आणि ते पुन्हा उकळूनही पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून आचारी आणि वाढपी यांचे हात पंगतीतल्या शंभर जणांच्या हातांपेक्षा अधिक महत्त्वाचे. ज्याला जुलाब होत आहेत किंवा बोटाला पू आहे त्याने त्या दिवशी पत्रावळ्या मांडाव्यात, पाण्याच्या टाकीवर बसावे, टाळ वाजवावेत; सेवेला कामे पुष्कळ आहेत. हे त्याला सांगताना मानापमान आड येऊ देऊ नये.

देणगीदार मंडळींना एक विनंती आहे. कळसाला नाव लागते, घंटेला लागते, फरशीला, पंख्याला, बाकालाही लागते. साबणाच्या वडीला लागत नाही, कारण ती महिन्यात झिजून जाते. म्हणूनच ती कोणी देत नाही. कळसाच्या खर्चापुढे वर्षाचा साबण म्हणजे अगदीच किरकोळ रक्कम. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा घरांनी एकेक महिना वाटून घेतला आणि त्या महिन्याचे नाव नळाशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिले, तर शिलालेखाची हौसही भागेल आणि वडीही संपणार नाही. अधिकमास आला तर तेराव्या घराची सोय आधीच पाहून ठेवावी.

नळांचा ओटा स्वच्छतागृह आणि जेवणाचा मंडप यांच्या मधल्या वाटेवर, कडुनिंबाच्या सावलीत घेता येईल. तोट्या सहा असाव्यात. त्यांतल्या दोन लहान मुलांच्या उंचीला, म्हणजे मोठ्यांच्या गुडघ्याच्या थोड्या वर बसवाव्यात, आणि सांडपाणी गटारीत न सोडता मागच्या केळींना द्यावे.